श्वासावर बसायचं कसं: घरच्या घरी आनापान, पहिल्या दिवसापासून

'ध्यान जमत नाही, फार विचार येतात' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची अडचण मनात नसतेच. ती घोट्यात असते, पोटात असते, नाहीतर घड्याळात. जेवून उठल्या उठल्या बसलं की पेंग येणार, मऊ गादीवर मांडी घातली की पंधराव्या मिनिटाला कंबर बोलणार, आणि 'रोज पाऊण तास' असा संकल्प सोडला की चौथ्या दिवशी खाडा पडणार. मग खापर फुटतं मनावर. मन सगळ्यांचंच चंचल असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार हीच आहे आणि श्रीकृष्णाने तिच्यावर अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितलेत. वैराग्याचं ज्याने त्याने पाहावं. इथे फक्त अभ्यासाबद्दल बोलू, तेही बुडाखालच्या घडीपासून.

ध्यानाचे प्रकार ढीगभर आहेत. नामजप आहे, त्राटक आहे, योगनिद्रा आहे. नामस्मरणात ज्यांचं मन रमतं त्यांनी ते सोडून इकडे येण्याची काहीच गरज नाही. मी इथे एकच पद्धत धरते आहे, ती आनापानाची. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास जसा आहे तसा पाहत राहायचं, एवढंच तिच्यात असतं. ती निवडण्याची कारणं व्यवहारी आहेत. श्वासाला पैसे पडत नाहीत, तो कुठल्या एका धर्माचा नाही, आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलं तरी तो सोबत असतोच.

ही पद्धत बुद्धाच्या शिकवणुकीतली. आपल्याकडे ती आज घरोघरी माहीत आहे ती प्रामुख्याने सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे. मंडालेत जन्मलेला हा व्यापारी अर्धशिशीने बेजार होता आणि १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेला. ऊ बा खिन मठात राहणारे भिक्खू नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते. हिशेबाच्या कचेरीत बसणारा, बायकामुलांचा माणूस हे करत होता आणि शिकवत होता, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी हे ध्यानकेंद्र उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस, रोज दहा तासांच्या आसपास, फक्त आनापान करतात. विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची पुढची पायरी, शिकवतात ती चौथ्या दिवशी. हे आकडे मुद्दाम सांगितले. मौन पाळून, फोन जमा करून बसलेल्या माणसाचं मन ठिकाणावर यायलाही एवढा वेळ लागतो. तेव्हा घरी दहा मिनिटं बसून 'शांत वाटलं नाही' म्हणून खट्टू होण्यात अर्थ नाही.

जागा, वेळ आणि घरातली माणसं

स्वतंत्र खोली कुणाकडे असते? एक कोपरा पुरे, पण रोज तोच. पलंगावर नको, कारण पाठ टेकवली की शरीराला झोपेची आठवण होते. देवघरासमोर बसायला हरकत नाही, मात्र समोर दिसणाऱ्या धुळीच्या समईने तुमचं लक्ष खाल्लं तर पाठ फिरवून बसा. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येता कामा नये. श्वासाचा नाकाखालचा स्पर्श इतका हलका असतो की पंख्याच्या वाऱ्यात तो कळतच नाही. कित्येकांना 'काही जाणवत नाही' त्यामागे डोक्यावरचा पंखा असतो.

वेळ पहाटेची चांगली, हे खरं. पण पाचला उठून दोन डबे आणि एक पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या बाईला ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगण्यात मला संकोच वाटतो. तिने सगळे बाहेर पडल्यावर सव्वानऊला बसावं. नोकरी करणाऱ्याने दात घासल्यावर आणि फोन हातात घेण्याच्या आधी बसावं; हा क्रम उलटा झाला की पहिली दहा मिनिटं रात्रीच्या मेसेजेसना जातात. चहाशिवाय डोळे उघडत नसतील तर अर्धा कप घ्या आणि बसा, त्यात काही बिघडत नाही. संध्याकाळी बसायचं असेल तर दिवेलागणीची, जेवणाआधीची वेळ उत्तम. पोटभर जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

फोन एरोप्लेन मोडवर, टायमर लावून, हात पोचणार नाही इतका लांब. आवाज मवाळ ठेवा, नाहीतर शेवटची पाच मिनिटं तो कधी किंचाळतो याची वाट पाहण्यात जातात. घरच्यांना एकदा स्पष्ट सांगून टाका की अमुक वेळ मला हाक मारायची नाही, बेल वाजली तर दार दुसऱ्याने उघडायचं. पहिले काही दिवस 'आई, माझा मोजा कुठेय?' ऐकू येईल. उत्तर दिलं नाही की मोजा सापडतो.

आणखी एक. बसण्याआधी दोन मिनिटं कागद-पेन घ्या आणि डोक्यात लोंबकळत असलेली कामं लिहून काढा: गॅस नोंदवायचा, विम्याचा हप्ता, मावशींना फोन. मन या गोष्टी पुन्हा पुन्हा वर काढतं ते विसरण्याच्या धास्तीने. कागदावर उतरल्या की ती धास्ती बरीच कमी होते.

बैठक

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

गोधडीची किंवा जाड चादरीची चार-पाच इंच उंच, घट्ट घडी करा. ती फक्त बुडाखाली घ्यायची, गुडघ्यांखाली नाही, आणि घडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. साधी मांडी घाला. पद्मासनाचा हट्ट नको. आता बघा, गुडघे कमरेपेक्षा खाली आले का? आले असतील तर ओटीपोट आपोआप किंचित पुढे झुकतं आणि पाठीचा कणा फार जोर न लावता सरळ राहतो. गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर कंबर मागे गोल होते, मग तिला सरळ ठेवायला पाठीचे स्नायू राबत बसतात आणि दहा मिनिटांत दमतात. घडी आणखी उंच करा. गुडघे अधांतरी लोंबत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलच्या गुंडाळ्या सरकवा.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावं. खुर्चीने ध्यान कमी प्रतीचं होत नाही. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या. पाठ टेकवू नका. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या बाजूला उतरत्या असतात, त्यामुळे माणूस मागे कलंडतो. मागच्या भागात दुमडलेला टॉवेल ठेवला की काम होतं.

हात मांडीवर किंवा एकात एक. खांदे एकदा कानापर्यंत उचला आणि सोडून द्या. हनुवटी जराशी आत. दात एकमेकांवर आवळलेले नाहीत ना, ते तपासा. दिवसभराचा ताण जबड्यात जाऊन बसतो आणि आपल्याला पत्ता नसतो. डोळे अलगद मिटा.

पायाला मुंग्या येतील. नसेवर दाब आल्याने त्या येतात आणि पाय सोडल्यावर जातात. थोडा वेळ सोसून पाहा, नको वाटलं तर सावकाश पाय बदला. उठण्याआधी मात्र पाय पसरून जाणीव परत येऊ द्या. बधिर पायावर तडक उभं राहून पडलेली माणसं आहेत. गुडघ्यात सुरी लागल्यासारखी कळ आली तर ती सोसायची नसते, बैठक लगेच बदला.

पहिली दहा मिनिटं

सुरुवातीला तीन-चार श्वास मुद्दाम सावकाश सोडा. घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू द्या. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीराला निवांतपणाचा इशारा मिळतो. एवढं झालं की श्वासावरचा ताबा काढून घ्या. इथेच आनापान आणि प्राणायाम वेगळे होतात. प्राणायामात आपण श्वासाला वळण लावतो, आनापानात फक्त पाहतो. उथळ आहे? उथळ. एकाच नाकपुडीतून येतोय? असू दे. सर्दीने शिट्टी वाजतेय? तीही ऐका. जो मुळात स्वाभाविक आहे त्याला चांगला करायला जाऊ नका.

लक्ष ठेवायचं ते नाकपुड्यांच्या कडांवर आणि वरच्या ओठाच्या वरच्या छोट्याशा जागेवर, जिथे मिशी उगवते तिथे. आत येणारा श्वास किंचित गार लागतो, बाहेर जाणारा कोमट. काहीच कळत नसेल तर चार-पाच श्वास जरा जोराने घ्या, जागा सापडेल; मग जोर सोडून द्या. श्वासाच्या मागे आत छातीत किंवा बाहेर हवेत जायचं नाही. नाकाशीच थांबायचं.

मोजावं का? गोयंकांच्या परंपरेत मोजत नाहीत, सोबत कुठला शब्द किंवा मंत्रही जोडत नाहीत. इतर बौद्ध परंपरांत मोजण्याची जुनी रीत आहे. माझं मत असं की पहिले पंधरा दिवस मोजायला हरकत नाही. उच्छ्वासाला एक, पुढच्या उच्छ्वासाला दोन, असं दहापर्यंत आणि पुन्हा एकपासून. चुकलं की एक. पंधरा दिवसांनी कुबडी टाकून द्या, नाहीतर आकडे चालत राहतात आणि श्वास बाजूला पडतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. पहिला श्वास, दुसरा, तिसरा. कुकरची शिट्टी. ही दुसरी की तिसरी? डाळ लागली तर? काल आमटीत मीठ जास्त पडलं होतं, सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. बोलल्या नाहीत म्हणजे नणंदेला फोनवर नक्की सांगितलं असणार. परवा नणंद उगीच नाही म्हणाली, की वहिनी, तुम्हाला हल्ली वेळच मिळत नाही वाटतं. वेळ मिळत नाही! स्वतः मात्र दुपारभर... आणि एकदम लक्षात येतं, अरे, आपण श्वास पाहत होतो.

हे लक्षात येणं हाच व्यायाम आहे. मीठ ते नणंद हा प्रवास कुणालाच चुकत नाही. तो तुटला आणि आपण जागे झालो, त्या क्षणासाठी बसलोय. आता स्वतःला 'काय हे, एवढंही जमत नाही' म्हणायचं नाही, कारण तो पुढच्या प्रवासाचा पहिला थांबा असतो. विचार कुठून सुरू झाला याचा माग काढायचा नाही. नणंदेला काय उत्तर द्यायचं तेही ठरवायचं नाही. गल्लीत पळालेल्या पोराला बखोट न धरता, हाताला धरून घरी आणावं तसं लक्ष नाकाशी आणायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा आणावं लागलं, तर पन्नास वेळा आणलं. शांत बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, म्हणजे दहा मिनिटांत दीडशेच्या घरात. त्यातले सलग दहा हाती लागले, तरी सुरुवातीला ते भरपूर झाले.

टायमर वाजला की ताडकन उठू नका. अर्धा मिनिट तसेच बसा, हातपाय हलवा, मग डोळे उघडा.

नेहमीचे अडथळे

पाली साहित्यात ध्यानातले पाच अडथळे सांगितलेत: हव्यास, राग, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका. अडीच हजार वर्षांत यादीत भर घालावी असं काही सापडलेलं दिसत नाही.

सुस्ती सगळ्यांना गाठते. डोकं पुढे पडायला लागलं की थोडे श्वास जोराने घ्या, डोळे उघडून समोरच्या जमिनीकडे पाहा, तरी जमेना तर उठून तोंडावर पाणी मारा किंवा उभ्यानेच पाच मिनिटं श्वास पाहा. पण रोजच झोप येत असेल, तर आधी रात्रीचा हिशेब मांडा. बारा वाजेपर्यंत फोन आणि पाचला गजर, असं असेल तर तुम्हाला ध्यानाची नाही, झोपेची गरज आहे. झोप भरून काढा, मग बसा.

राग वेगळ्या तऱ्हेने येतो. साहेबांना तोंडावर सुनवायची वाक्यं एकामागून एक सुचू लागतात, आणि ती इतकी चपखल असतात की सोडवत नाहीत. इथे एक करून पाहण्यासारखं आहे. ते भाषण चालू असताना श्वास कसा आहे ते बघा. तो आखूड झालेला असतो, गळ्याखाली वरच्यावर चाललेला असतो. भाषण थांबवायला जाऊ नका, तो आखूड श्वास पाहा. काही श्वासांनंतर तो लांबायला लागतो आणि भाषणातला जोर उतरतो. राग आणि श्वास यांचं हे साटंलोटं एकदा स्वतः पाहिलं की उरलेल्या दिवसात त्याचा फार उपयोग होतो.

हव्यासाचं रूप बहुधा साधं असतं, बसल्या बसल्या इडली आठवते. अस्वस्थतेवर वरचा कागद हा उतारा. आणि शंकेचं म्हणाल तर, 'याने काही होतंय का?' हा प्रश्न बसलेलं असताना सोडवायचा नाही. तो महिन्यातून एकदा, आसनावरून उठल्यावर विचारायचा. मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसले, अंग हलकं वाटलं, तर त्याचं कौतुक नको आणि धास्तीही नको. श्वासावर परत या.

किती वेळ, किती दिवस

पहिला आठवडा दिवसातून एकदा, दहा मिनिटं. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये मित्र उपक्रमातून मुलांना हेच आनापान शिकवलं जातं, तिथेही दहा मिनिटंच असतात. मोठ्यांनी त्यात कमीपणा मानू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पंधरा. महिना उलटला की वीस, किंवा दहा-दहा मिनिटं सकाळ-संध्याकाळ. त्यापुढे वाढवायची घाई नको. शिबिर करून आलेल्यांना रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, पण त्यांच्यामागे दहा दिवसांची तयारी असते.

खाडा पडणारच. गणपतीत पाहुणे येतील, परीक्षा येतील, ताप येईल. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीइतकंच बसा. बुडालेल्याची भरपाई म्हणून चाळीस मिनिटं बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी आसनाकडे फिरकत नाही.

फायदा कुठे पाहायचा? बसलेलं असताना नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी टोचून बोललं की पूर्वी ते दोन दिवस डोक्यात घोळायचं. आता संध्याकाळपर्यंत विरतं का, हे पाहा. मुलाच्या गुणपत्रिकेवर ओरडण्याआधी निमिषभर थांबता आलं का, ते पाहा. दिवसात काही जागा ठरवून ठेवल्या तर हे लवकर येतं: सिग्नलला गाडी थांबली की तीन श्वास, फोन उचलण्याआधी एक, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर टाइप करण्याआधी, माझ्या मते, किमान दहा.

कुणी जपून

काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरायला होतं, विशेषतः दमा असलेल्यांना किंवा ज्यांना घाबरण्याचे झटके येतात त्यांना. त्यांनी डोळे उघडे ठेवून, खुर्चीवर बसून तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श पाहावा, किंवा बाहेरचे आवाज नुसते ऐकावेत. रीत तीच राहते, फक्त लक्ष ठेवण्याची जागा बदलते. गंभीर नैराश्य, बायपोलर, भास होण्याचा आजार, किंवा नुकताच मोठा आघात झालेला असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला विचारा आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका. ध्यान हा औषधाला पर्याय नाही. मन फारच खाली गेलं असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शिबिराला जायचं असेल तर

तीन-चार महिने घरी बसणं टिकलं, तर मग शिबिराचा विचार करा. त्याआधी चव घ्यायची असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात जाऊन या. २००९ साली खुल्या झालेल्या या घुमटात एकही खांब नाही आणि एका वेळी सुमारे ८,००० माणसं बसू शकतात. येणाऱ्यांना तिथे आनापानाची थोडक्यात ओळख करून देतात.

दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. सकाळी अकराच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळं किंवा हलकं काही मिळतं, रात्रीचं जेवण नाही. जवळजवळ सगळे दिवस मौन, इशाऱ्यांनीही बोलायचं नाही. अडचण असेल तर आचार्यांशी किंवा व्यवस्थापकांशी बोलता येतं. अर्जात आजारांबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. मधून उठून यायचं नाही असं आधीच कबूल करावं लागतं, म्हणून घरातलं आजारपण, कार्यालयातलं मार्चअखेरचं काम वगैरे बघूनच तारीख घ्या. जागा लवकर भरतात, दोन-तीन महिने आधी अर्ज करा. सामानात सैल कपडे, गजराचं घड्याळ आणि शाल हवीच. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीला गेलात तर दोन जोड जास्तीचे न्या, तिथल्या पावसात धुतलेले कपडे वाळत नाहीत.